करपलेले बेदाणे

१

शनिवारी सकाळी आहारताई वृद्धनिवासाच्या पायऱ्या चढल्या तेव्हा त्यांची एकच इच्छा होती, आज कुणी आपल्याला काही विचारू नये. आठवड्यात तीन निवास, दोन दवाखाने आणि सगळीकडे तेच ते. हे टाळा, ते निम्मं करा, मीठ बेतानं. लोकांच्या तोंडचा घास मोजण्यात तीस वर्षं गेली होती. निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि घोटे आताशा सकाळपासूनच सुजत.

व्यवस्थापक दारातच उभा होता.

"सात नंबरच्या मास्तरांना काल दवाखान्यात हलवलं," तो म्हणाला. "साखर पाचशे ऐंशी. नाश्त्यानंतर बोलणं अडखळायला लागलं, मग शुद्धच गेली. डॉक्टर म्हणतात, कितीतरी दिवस आतून वाढत होती, काल कडेलोट झाला. अजून डोळे उघडलेले नाहीत."

आहारताईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "नाश्त्याला काय होतं?"

"दही आणि भाजलेल्या ओट्सचा ग्रॅनोला. तुम्ही लिहून दिलेला, मावशीनं भाजलेला. मावशीला मी कालच सांगितलं, आता येऊ नका. सोमवारी विश्वस्तांची बैठक आहे. तोवर तुमचा अहवाल द्या. दोन ओळी पुरे."

"कोणत्या दोन ओळी?"

"हेच की चूक स्वयंपाकघराची. साखरेच्या पेशंटच्या डब्यात गोड गेलं. आणखी काय असणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आहारताईंच्या मनात आलं. पण वाद घालायला त्राण नव्हतं. त्या सरळ स्वयंपाकघराकडे वळल्या.

मावशी तिथेच होती. "येऊ नका" सांगितलेलं असूनही ती सहाला आली होती, चहा करून सगळ्यांना देऊन झाला होता, आणि आता एप्रनची घडी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. डोळे रडून रडून सुजले होते.

"ताई, बारा वर्षं झाली मला इथं. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही कधी." ती उठली आणि फ्रिजमधून ताटलीनं झाकलेली एक वाटी काढली. "ही मास्तरांची कालची वाटी. मी धुतली नाही. धुतली असती तर म्हणाले असते, पुरावा पुसला."

आहारताईंनी ताटली उचलली. तळाशी दह्याचा थर वाळला होता आणि त्यात एक काळपट गोळा अडकला होता, लिंबाएवढा. त्यांनी तो चमच्यानं फोडला. आत काहीतरी कोळशासारखं चमकलं. त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिलं. सुरकुतलेला, कडक, जळका बेदाणा.

"ताई," मावशीचा आवाज एकदम खाली आला, "माझ्या डब्यात एकही बेदाणा नसतो."

२

आहारताईंनी स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि म्हणाल्या, "या आठवड्याचा ग्रॅनोला कधी भाजलास? आणि कुठे कुठे गेला? एकेक चमचा आठवून सांग."

मावशीला आठवायची गरजच नव्हती. सोमवारी दोन मोठे ट्रे भाजले होते. ओट्स, भोपळ्याच्या बिया, थोडे बदाम, दालचिनी. गोडीला सफरचंदाचा गर आणि कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून अंड्याचा पांढरा भाग. मध नाही, साखर नाही. रोज सकाळी दह्याबरोबर पंचवीस जणांना. ज्यांना दात नाहीत त्यांच्यासाठी गरम दुधात भिजवून, मऊ करून. बुधवारी भाजलेल्या सफरचंदांवर भुरभुरवला. गुरुवारी तळाचा चुरा उरला, तो पावाच्या कणकेत मळला. "आणि मी स्वतः दुपारी मूठभर खाते, नुसताच. फेकला काहीच नाही."

"आणि साखरेचे पेशंट किती?"

"मास्तर धरून बारा."

आहारताई सिस्टरच्या खोलीत गेल्या आणि सकाळच्या साखरेची वही मागितली. बारा नावं, पाच आठवडे. अकरा जणांचे आकडे गाईसारखे गरीब, आपल्या जागी उभे. एकट्या मास्तरांचे जिन्यासारखे चढत गेलेले.

"तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना." सिस्टर कावरीबावरी झाली. "डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी वाढवली. मास्तरांना विचारलं, बाहेरचं काही खाता का? म्हणाले, म्हातारपण हाच माझा आजार."

आहारताईंनी पुन्हा वही पाहिली. जिन्याच्या पायऱ्या सारख्या नव्हत्या. आकडा रोज थोडा सरकत होता, पण मोठी उडी दोनच वारी होती, बुधवारी आणि शनिवारी. म्हणजे जे काही घडत होतं ते आदल्या दिवशी, मंगळवारी आणि शुक्रवारी.

त्या परत येऊन मावशीसमोर उभ्या राहिल्या. "एकाच ट्रेमधलं बारा जणांनी खाल्लं आणि अकरा ठणठणीत. तुझा ट्रे सुटला. आता मला सांग, मंगळवारी आणि शुक्रवारी मास्तरांकडे कोण येतं?"

मावशीनं हातातल्या एप्रनची घडी उलगडून पुन्हा घातली.

"घरचीच माणसं," ती म्हणाली. "बायको आणि लेक."

३

सात नंबरमध्ये दोन खाटा होत्या. मास्तरांची रिकामी. दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सगळे रेफरी म्हणत, कारण चाळीस वर्षं त्यानं मैदानात शिट्टी फुंकली होती. आता दृष्टी अधू झाली होती, पण कान शाबूत होते आणि मत प्रत्येक गोष्टीवर होतं.

"माणसं भेटायला आली की मास्तर मधला पडदा ओढतो," रेफरी म्हणाला. "नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणून मी खोकतो. पण खाण्याचा आवाज कसा टाळणार? काल नाश्त्याच्या वेळी दगड फोडल्यासारखं वाजत होतं. कुडुम, कुडुम. मावशीचा माल तसा वाजत नाही."

"कोण होतं आत?"

"बाईमाणसाचा आवाज होता. हळू. कोण ते कळलं नाही. एक मात्र सांगतो. वाटी संपली, चमचा ठेवल्याचं ऐकलं, आणि मग बरणीचं झाकण पुन्हा उघडलं. मास्तर म्हणाला, 'आत्ताच तर झालं की.' मग गप्प. आणि परत कुडुम कुडुम." त्यानं हवेत दोन बोटं दाखवली. "दोन वाट्या. माझ्या मैदानात हा सरळ फाऊल."

आहारताई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मूठभर ग्रॅनोला म्हणजे पावाच्या दोन जाड तुकड्यांचं बळ, हे त्या रोज कुणाला ना कुणाला सांगत. ओट्सचा चोथा चांगला, बियांची चरबी चांगली, पण माप सुटलं की औषधाची मिठाई होते. मधसाखरेत घोळवलेल्या दोन वाट्या, आणि त्याही अशा माणसाला, म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको होतं.

दोन बायका. त्यातल्या बायकोवर, काकूंवर, संशय घेणं जड जात होतं. काकूंची स्वतःची बेकरी होती, छत्तीस वर्षं. मावशीच्या डब्यातली ही बिनसाखरेची कृती मुळात काकूंचीच. मास्तर इथे आले तेव्हा काकूंनी याच स्वयंपाकघरात उभं राहून मावशीला शिकवली होती, आणि आहारताईंनी ती नुसती कागदावर उतरवली होती. त्या दिवशीचा काकूंचा दरारा त्यांना आठवत होता. "बेदाणे घालायचेच झाले तर ट्रे बाहेर काढल्यावर. आत घालतो तो आचारी नव्हे, कोळसेवाला."

ज्या बाईनं हे बजावलं, तिच्या हातून जळके बेदाणे? छे. मग राहिली लेक.

लेक दुपारी मास्तरांचे कपडे न्यायला आली. चाळिशीची, केस घाईत बांधलेले, एका हातात गाडीची किल्ली. आहारताईंनी तिला बाकावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं.

"बाबांसाठी घरून ग्रॅनोला कोण आणतं?"

"मी? मला ताई, पाणी उकळलं तरी करपतं. ओव्हनला आई हात लावू देत नाही. मी फक्त तिला फाटकापाशी सोडते, गाडी लावून वर येते तोवर वीस मिनिटं जातात."

"म्हणजे आई आणते."

लेकीनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "आईला यात ओढू नका. रात्रभर तिला झोप नाही. सारखं विचारते, बाबा कुठे आहेत, बाबा कुठे आहेत."

"तुम्ही सांगितलं नाही, दवाखान्यात आहेत म्हणून?"

"सांगितलं ना," लेक म्हणाली, आणि तिची नजर बाकाच्या पायाकडे गेली. "सात वेळा सांगितलं."

४

कपडे काढायला म्हणून दोघी सात नंबरमध्ये गेल्या. लेकीनं कपाट उघडलं, शर्टांचा गठ्ठा उचलला आणि थबकली. मागे भिंतीला टेकून काचेच्या बरण्या उभ्या होत्या. पाच. चारांच्या तळाशी थोडा थोडा काळा चुरा, पाचवी गळ्यापर्यंत भरलेली. प्रत्येकीवर चिठ्ठी, वळणदार अक्षरात तारीख.

"आईचं अक्षर," लेक पुटपुटली.

आहारताईंनी बरण्या खाटेवर मांडल्या. चारही रिकाम्या बरण्यांत जळके बेदाणे होते. एकीतला चुरा साखरेनं इतका चिकट होता की चमचा उभा राहिला. मग त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या. दोन बरण्यांवर एकच तारीख होती. एकाच मंगळवारी दोनदा भाजला होता? दुसऱ्यांदा भाजताना पहिला भाजलाय हे लक्षात नव्हतं?

भरलेल्या बरणीतला एक खडा त्यांनी तोंडात टाकला आणि ताबडतोब रुमालात थुंकला. खारट. साखरेच्या मापानं घातलेलं मीठ.

"एवढी एक मात्र त्यांना खाववली नाही," त्या म्हणाल्या.

लेक खाली बसली, जमिनीवरच. "घरात करपल्याचा वास येतो हल्ली. मी म्हटलं, ओव्हन जुना झाला. मी तिला म्हटलंसुद्धा, नवा घेऊ या." तिनं एका बरणीवरची तारीख बोटानं पुसून पाहिली. "म्हणजे आईनं... पण तिला तर झोपेतही चुकायची नाही ही कृती."

आहारताईंना तेच छळत होतं. सकाळी ज्या खुणेवरून त्यांनी काकूंना मोकळं केलं होतं, तीच खूण आता उलटी फिरून काकूंकडे बोट दाखवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण बरण्या बोलत नाहीत आणि अंदाजावर कुणाच्या कपाळी शिक्का मारणं त्यांना मान्य नव्हतं. डोळ्यांनी बघायला हवं होतं.

तेवढ्यात सिस्टर धापा टाकत आली. दवाखान्यातून फोन होता. मास्तरांनी डोळे उघडले होते. आणि पहिला प्रश्न विचारला होता, "तिला कुणी काही बोललं का?"

५

रविवारी दुपारी लेक काकूंना निवासाच्या स्वयंपाकघरात घेऊन आली. मास्तर परत येतील तेव्हा तुमच्या हातचं काहीतरी तयार असू दे, आहारताईंनी एवढंच सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, तरी सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली. मावशीलाही बोलावलं होतं. व्यवस्थापकानं भुवया उंचावल्या, पण आहारताईंच्या चेहऱ्याकडे बघून तो बाजूला झाला.

काकू आत आल्या आणि घर सापडल्यासारख्या खुलल्या. बाह्या सरसावल्या, ओव्हनच्या दाराला हात लावून ऊब पाहिली. मावशीला म्हणाल्या, "ट्रेला तेलाचा हात एवढा? उधळी आहेस अगदी." मावशी हसली. सगळं ठीक होतं. ओट्स तळहातावर घेऊन त्यांनी वास घेतला, बदामांचे काप पाहून नाक मुरडलं. हात मापाशिवाय चालत होते आणि बिनचूक चालत होते. आहारताईंना वाटलं, आपलं चुकलं. चुकावंच.

मग काकूंनी फडताळातून साखरेचा डबा घेतला. दोन वाट्या ओतल्या.

"काकू, मास्तरांसाठी आहे हं," मावशी हळूच म्हणाली. "सफरचंदाचा गर काढून ठेवलाय मी."

"माहीत आहे गं. मला शिकवतेस?" काकूंनी गर घातला, ढवळला. बेकरीतली एक गंमत सांगायला लागल्या. एका गिऱ्हाइकाला रोज कालचा पाव हवा असायचा, स्वस्त पडतो म्हणून, तर यांनी त्याला सांगितलं, आजच पैसे द्या, पाव उद्या घेऊन जा. तिघी हसल्या. हसता हसता काकूंचा हात पुन्हा साखरेच्या डब्याकडे गेला. आणखी दोन वाट्या. हात झटकून त्यांनी बेदाण्यांची पिशवी फोडली, मूठ मूठ मिश्रणात टाकली आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला.

मावशीनं पदराचं टोक तोंडावर धरलं. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

काकू ओट्यापाशी उभ्या राहिल्या. नजर साखरेच्या डब्यावर गेली, मग रिकाम्या पातेल्यावर, मग पुन्हा डब्यावर.

"मावशी," त्यांनी विचारलं, "साखर घातली का गं मी?"

६

सोमवारी बैठकीआधी आहारताई दवाखान्यात गेल्या. मास्तर उशीला टेकून बसले होते, हाताला सलाइन, चेहरा पिठासारखा. लेक आईला घेऊन संध्याकाळी येणार होती, म्हणून आहारताईंनी ही वेळ निवडली होती.

"बरण्या सापडल्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पाच महिने झाले. आधी दालचिनी राहायची. मग बेदाणे करपायला लागले. मी म्हटलं, वय झालंय, होतं कधीकधी. मग गेल्या महिन्यात साखर आली. माझ्या आजारासाठी बारा वर्षं जिनं घरात साखर लपवून ठेवली, ती..." ते थांबले. "मी गणिताचा माणूस. हिशेब केला होता. थोडं थोडं खायचं, बाकीचे दिवस उपास काढायचा. उरवून चालायचं नाही, ती बरणी उघडून बघायची. शुक्रवारी हिशेब चुकला. एक वाटी संपवली आणि तिनं दुसरी भरली. पहिली आठवत नव्हती तिला."

"नाही म्हणायचं होतं."

"तिच्या तोंडाकडे बघून? लेकीला कळलं की आधी ओव्हन बंद होईल, मग घर, मग सगळंच. ताई, ती भट्टीसमोर उभी असते तेव्हा अजून तीच असते हो. तिला सांगू नका. दोन ओळी लिहा, म्हातारा चोरून गोड खायचा. माझं नाव खराब झालं तर काय बिघडतं?"

आहारताई खुर्चीवर बसल्या. इतका थकवा त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

"मास्तर, तुम्ही शुद्धीत नव्हता तेव्हा मावशीचं काम गेलं होतं. तुम्ही जवळजवळ गेला होता. आणि उद्या काकू गॅस चालू ठेवून बाहेर पडल्या तर तो कोण गिळणार आहे? लपवायला आता जागा उरलेली नाही. लेकीनं काल डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांची वेळ घेतलीय तिनं."

मास्तरांनी हळूच मान हलवली. गालावरून पाणी ओघळलं, ते पुसायला मोकळा हात सलाइनच्या नळीत अडकला.

दार वाजलं. दोघांनी वळून पाहिलं. काकू होत्या आणि मागे लेक, हतबल. "संध्याकाळपर्यंत थांबेना," ती म्हणाली.

काकू खाटेपाशी आल्या, नळी सोडवली, आपल्या पदरानं नवऱ्याचा गाल पुसला. मग काठावर टेकल्या.

"काल मला कळलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे तसं आधीपासून जरा जरा कळत होतं. तारखा लिहायला लागले ती त्यासाठीच. बरणी बंद करताना दर वेळी मनात यायचं, काही राहिलं का, काही दोनदा पडलं का. मग विचार करायची, तुम्ही सांगालच. छत्तीस वर्षं बेकरीतला पहिला घास तुम्ही खाल्लात, कधी भीड ठेवली नाहीत." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "तुम्ही बरणी संपवायचात आणि काही बोलायचा नाहीत. मला वाटायचं, म्हणजे बरोबर झालं."

मास्तरांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला. आहारताई उठल्या आणि बाहेर आल्या. बैठकीला उशीर झाला होता.

अहवाल दोन ओळींचा झाला नाही, पान भरलं. व्यवस्थापकानं वाचून मान खाली घातली आणि मावशीला स्वतः फोन केला. मावशीनं फोनवर एवढंच विचारलं, "उद्याचे ओट्स भाजलेत का कुणी?"

मास्तर परतले त्याला आता तीन आठवडे झाले. डॉक्टरांनी काकूंच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यापुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं. त्यातलं चांगलं फारसं काही नव्हतं. घरचा ओव्हन लेकीनं बंद केला. मंगळवारी आणि शुक्रवारी काकू निवासाच्या स्वयंपाकघरात भाजतात. साखरेचा डबा मावशी आदल्या संध्याकाळीच आपल्या घरी नेते.

परवाच्या शुक्रवारी आहारताई सात नंबरमध्ये मास्तरांचं वजन लिहून घेत होत्या. पडदा उघडा होता. काकूंनी दह्यावर मूठभर ग्रॅनोला घातला आणि वाटी नवऱ्याच्या हातात दिली. पलीकडे रेफरीनं कान टवकारले.

मास्तरांनी एक घास चावला. गिळला. चमचा वाटीत टेकवून ते जरा थांबले.

"दालचिनी नाही पडली," ते म्हणाले.

काकूंचा चेहरा क्षणभर पडला. मग त्यांनी खुर्ची खाटेच्या जवळ ओढली, वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः एक चमचा खाऊन पाहिला.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "सांगत जा असंच. मी रागावले तरी सांगत जा."